‘शाई टिपू नका’ : एका उलटतपासणीचा प्रकरण अभ्यास

उलटतपासणी शिकायची म्हणून कोणी ज्युनिअर माझ्याकडे आला की मी त्याच्या हातात आधी कलमं ठेवत नाही. १८८९ सालच्या फेब्रुवारीतल्या दोन दिवसांचं कामकाज वाचायला देतो. ठिकाण लंडन, साक्षीदार रिचर्ड पिगॉट, उलटतपासणी घेणारे सर चार्ल्स रसेल. यातली एका शब्दाच्या स्पेलिंगची गोष्ट वकिली करणाऱ्या बहुतेकांच्या कानावर असते, आणि तेवढीच लक्षात राहते. त्या स्पेलिंगच्या गाजावाजात या प्रकरणातली खरी वकिली झाकोळून गेली असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

६ मे १८८२ रोजी डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये आयर्लंडचे नवे मुख्य सचिव, म्हणजे तिथला कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री, लॉर्ड फ्रेडरिक केव्हेंडिश आणि उपसचिव थॉमस बर्क यांचा भरदिवसा भोसकून खून झाला. आयर्लंडसाठी स्वराज्य मागणाऱ्या आयरिश पक्षाचे पुढारी चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी या खुनांचा जाहीर निषेध केला होता. पुढे मार्च १८८७ मध्ये ‘द टाइम्स’ने ‘पार्नेलिझम अँड क्राइम’ ही लेखमाला सुरू केली आणि १८ एप्रिलला एका पत्राची हुबेहूब प्रतिकृती छापली. पत्रावर तारीख १५ मे १८८२, खाली पार्नेल यांची सही. मजकुराचा आशय असा, की केव्हेंडिश यांच्या मृत्यूचं वाईट वाटतं, पण बर्क यांना त्यांच्या कर्माचंच फळ मिळालं. पार्नेल यांनी त्याच रात्री संसदेत हे पत्र बनावट असल्याचं सांगितलं. त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

१८८८ मध्ये संसदेने खास कायदा करून तीन न्यायाधीशांचा आयोग नेमला. अध्यक्ष सर जेम्स हॅनन, सोबत न्यायमूर्ती डे आणि न्यायमूर्ती ए. एल. स्मिथ. नावाला चौकशी होती, पण शपथ, सरतपासणी, उलटतपासणी सगळं खटल्यासारखंच. ज्युरी मात्र नव्हती. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण आवाज चढवून किंवा डोळ्यांत पाणी आणून भुलतील अशी माणसं समोर नव्हती. मुरलेले तीन न्यायाधीश बसले होते.

‘द टाइम्स’च्या बाजूने उभे होते ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, सर रिचर्ड वेबस्टर. पार्नेल यांच्या बाजूने रसेल आणि त्यांच्याबरोबर तरुण हर्बर्ट हेन्री ॲस्क्विथ. रसेल स्वतः आयरिश, पण कित्येक वर्षं ‘द टाइम्स’चं कायमचं वकीलपत्र त्यांच्याकडे होतं. पार्नेल यांचं काम घेण्याआधी त्यांनी ते परत केलं. दोन दगडांवर पाय ठेवला नाही. ही गोष्ट चरित्रांत एका वाक्यात उरकली जाते, पण इतकं मोठं, पैसेवालं अशील हातचं सोडणं काय असतं ते धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

जिन्याखालची माणसं

ते पत्र आणि तशीच आणखी काही पत्रं ‘द टाइम्स’कडे आली कशी? एडवर्ड ह्यूस्टन नावाचा एक तरुण पार्नेलविरोधी संघटनेचा सचिव होता. त्याने पिगॉटला पुरावा शोधायच्या कामावर नेमलं. रोज एक गिनी आणि वर प्रवासाचा, हॉटेलचा खर्च. पिगॉट हा डबघाईला आलेला माजी वृत्तपत्रमालक, सतत पैशाच्या तंगीत. पुरावा सापडेपर्यंत रोजची गिनी चालू, आणि सापडला की मोठी रक्कम. असा व्यवहार कानावर आला की वकिलाने तिथेच थांबून विचार करायला हवा.

पॅरिसमधल्या एका हॉटेलात हा सौदा झाला. पत्रं विकणारी माणसं खाली थांबली आहेत, असं पिगॉटने ह्यूस्टनला सांगितलं. ह्यूस्टनने वरच्या खोलीत पत्रं पाहिली आणि पैसे पिगॉटच्या हातात दिले. पिगॉट पैसे घेऊन खाली गेला. ह्यूस्टन काही जिना उतरून खाली गेला नाही. खाली कोणीच नव्हतं.

पुढे ह्यूस्टन ती पत्रं घेऊन ‘द टाइम्स’चे व्यवस्थापक मॅकडोनाल्ड यांच्याकडे गेला. तुम्हाला ही कुठून मिळाली, याचा माग मॅकडोनाल्ड यांनी काढला नाही. हस्ताक्षर पडताळलं गेलं, पण ज्याच्या हातून कागद आला तो माणूस कोणी पारखला नाही. हे सगळं उघडं पाडलं ॲस्क्विथ यांनी. मॅकडोनाल्ड यांची उलटतपासणी खरं तर रसेल घेणार होते. जेवणाच्या सुट्टीनंतर ते ॲस्क्विथ यांना म्हणाले की मी थकलोय, हा साक्षीदार तू घे. ॲस्क्विथ यांच्यासाठी हा धक्काच होता. पण ते उभे राहिले आणि त्या एका दुपारीने त्यांचं वकिलीतलं नाव झालं. पुढे ते इंग्लंडचे पंतप्रधान झाले.

मला या प्रसंगात दोघांचंही कौतुक वाटतं. सगळ्या देशाचे डोळे लागलेल्या प्रकरणात महत्त्वाचा साक्षीदार ज्युनिअरच्या हवाली करायला मोठं मन लागतं. आणि तयारी आपल्याला उभं राहायचं नसतानाही पूर्ण ठेवणारा ज्युनिअर मिळायला नशीब लागतं. माझ्या पाहण्यातले कितीतरी ज्युनिअर सिनियर बोलत असताना फक्त पानं उलटून देतात. त्यांना साक्षीदाराचा जबाब विचारला तर सांगता येत नाही.

पिंजऱ्यापर्यंतची वाट

पार्नेल यांच्या बाजूने नेमकं उलटं काम केलं होतं. त्यांनी कागदापासून माणसापर्यंतची वाट मागे चालून पाहिली.

‘द टाइम्स’ने पुढे आणलेल्या पत्रांमध्ये पार्नेल यांचे जुने सहकारी पॅट्रिक इगन यांच्या नावाशी जोडलेला पत्रव्यवहार होता. इगन तोवर अमेरिकेत स्थायिक झाले होते. पार्नेलपक्षाने पिगॉटचं वृत्तपत्र विकत घेतलं तेव्हा त्याच्याशी बोलणी इगन यांनीच केली होती, त्यामुळे पिगॉटची जुनी पत्रं त्यांच्याकडे होती. ती बाहेर काढून पाहिल्यावर लिहिण्याची ढब ओळखीची निघाली. बनावट पत्रांपैकी एकावर ९ जानेवारी १८८२ ही तारीख होती आणि त्यात ‘हेझिटन्सी’, म्हणजे कचरणं, हा शब्द आला होता. या शब्दात ‘टी’नंतर ‘ए’ हवा. पत्रात ‘ई’ होता. पिगॉटने इगन यांना लिहिलेल्या खऱ्या पत्रातही तीच चूक सापडली.

इथे थांबता आलं असतं. पण एका चुकीच्या स्पेलिंगवर खटला उभा राहत नाही, तशी चूक हजार माणसं करतात. रसेल यांच्या हातात आणखी दोन गठ्ठे आले. एक होता डब्लिनचे आर्चबिशप वॉल्श यांना पिगॉटने लिहिलेल्या पत्रांचा. दुसरा होता माजी मुख्य सचिव फॉर्स्टर यांच्याकडे पिगॉटने वेळोवेळी पैसे मागितले त्या पत्रव्यवहाराचा. फॉर्स्टर तोवर वारले होते. त्यांच्या चरित्रकाराने ती पत्रं रसेल यांच्या हवाली केली.

हे तीन गठ्ठे हाती असताना कोणीही साक्षीदाराची दाणादाण उडवेल, असं वाटतं. मला नाही तसं वाटत. हातात हुकमाचं पान आहे म्हणून ते पहिल्याच डावाला टाकणारे आणि मग पुढचा तासभर साक्षीदाराशी हुज्जत घालत बसणारे वकील मी पाहिले आहेत. तरुणपणी मीही तेच केलं आहे.

एक कोरा कागद

२१ फेब्रुवारी १८८९, गुरुवार. त्याआधीचा आठवडाभर रसेल बेचैन होते, चिडचिड करत होते. उलटतपासणीच्या अर्धा तास आधी जेवताना त्यांच्याकडे पाहून, पहिलं ब्रीफ मिळालेला ज्युनिअर बसलाय असं वाटत होतं, असं त्यांचे चरित्रकार बॅरी ओब्रायन यांनी लिहून ठेवलं आहे. मग ते उभे राहिले आणि ती सगळी तगमग नाहीशी झाली. तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाच्या पोटात अशी कालवाकालव होत असेल, तर नव्या वकिलाला भीती वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिला आरोप नाही, पहिला सवालही नाही. रसेल यांनी पिगॉटला एक कोरा कागद दिला आणि काही शब्द लिहायला सांगितले. ‘लाइव्हलीहुड’. ‘लाइकलीहुड’. स्वतःचं नाव. ‘प्रॉसेलिटिझम’. ‘पॅट्रिक इगन’, मग ‘पी. इगन’. पिगॉट लिहीत गेला. झालं असं वाटत असतानाच रसेल म्हणाले की एक शब्द राहिला, जरा जागा सोडून खाली ‘हेझिटन्सी’ लिहा. तो लिहायला लागला तसं त्यांनी पुस्ती जोडली: छोट्या लिपीतला ‘एच’ घाला.

ही पुस्ती मी कितीदा तरी वाचली असेल. साक्षीदाराला वाटलं, भानगड ‘एच’ची आहे. त्याने ‘एच’ जपून काढला आणि ‘टी’नंतर सवयीने ‘ई’ लिहून गेला. लक्ष कुठे न्यायचं हे रसेल यांनी तीन-चार शब्दांत ठरवलं होतं.

लिहून होताच पिगॉटने टिपकागद उचलला. रसेल पटकन म्हणाले, “शाई टिपू नका.” आवाजाला पहिल्यांदाच धार आली. वेबस्टर यांनी मध्येच सुचवलं की या कागदाचा फोटो काढून ठेवावा. रसेल यांनी त्यांच्याकडे वळून, या मागणीसाठी माझी उलटतपासणी तोडू नका, असं ठणकावलं. कागद आहे तसा, ओल्या शाईसह ताब्यात हवा आणि प्रश्नांची लय मोडता कामा नये, या दोन गोष्टींसाठी ते आग्रही होते. एरवी सौम्य बोलणाऱ्या वकिलाने नेमक्या जागी आवाज चढवला की त्याला वजन येतं.

आणि मग त्यांनी तो कागद बाजूला ठेवला. फडकावला नाही, ‘हे बघा स्पेलिंग’ म्हणून न्यायाधीशांकडे धाव घेतली नाही. पुढचा प्रश्न अगदी दुसऱ्याच विषयावर.

आधी दार लावून घ्या

लेखमालेचा पहिला लेख ७ मार्च १८८७ ला आला, बरोबर? पिगॉटला तारीख ठाऊक नव्हती, पण असेल म्हणाला. पत्रं छापली जाणार आहेत हे तुम्हाला आधी माहीत होतं? नाही, अजिबात नाही. पार्नेल आणि त्यांच्या साथीदारांवर गंभीर आरोप होणार आहेत हे तरी? लेख सुरू होईपर्यंत नाही. शपथेवर सांगता? हो. “ठीक आहे. म्हणजे याबद्दल काही घोटाळा नाही.”

मग रसेल थोडे थांबले. समोरच्या फळीखालून त्यांनी काही कागद काढले. एक पत्र पिगॉटच्या हातात दिलं आणि विचारलं, हे तुमचंच ना? वाचायचे कष्ट घेऊ नका, फक्त तुमचं आहे का ते सांगा. पिगॉटने कागद डोळ्यांजवळ धरला. “वाचायचे कष्ट घेऊ नका.” हो, माझंच वाटतं. काही शंका? नाही.

पत्र आर्चबिशप वॉल्श यांना लिहिलेलं. तारीख ४ मार्च १८८७. पहिल्या लेखाच्या तीन दिवस आधीची. पार्नेल पक्षाचं वजन नष्ट करण्यासाठी काही हालचाली चालू आहेत आणि त्यांची माहिती आपल्याला आहे, असं त्यात पिगॉटने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

पत्र आधी दाखवलं असतं तर काय झालं असतं? पिगॉट बोलण्यात तरबेज होता. लेख येणार हे कानावर होतं, पण पत्रांबद्दल कल्पना नव्हती, असं सरळ सांगून तो सुटला असता. रसेल यांनी आधी ‘काहीच माहीत नव्हतं’ हे शपथेवर वदवून घेतलं, त्यावर दोनदा कडी लावली आणि मग पत्र काढलं. आता पळायला फट नव्हती.

याला कायद्याचा आधार होता, तोही समजून घ्यायला हवा. १८२० मध्ये राणी कॅरोलाइनच्या प्रकरणात न्यायाधीशांनी असं मत दिलं होतं, की साक्षीदाराला त्याच्याच लेखी मजकुराबद्दल प्रश्न विचारायचा तर आधी तो कागद त्याला दाखवा. उलटतपासणी घेणाऱ्याचे हातच बांधले गेले. पुढे हा नियम कायद्याने सैल झाला. १८६५ च्या कायद्याप्रमाणे कागद न दाखवता प्रश्न विचारता येतात, मात्र विसंगती दाखवून द्यायची असेल तर नेमका मजकूर साक्षीदाराच्या नजरेस आणावा लागतो. रसेल यांच्या या कामाचा सांगाडा या नियमावर उभा आहे. नाट्य वाटतं ते पुराव्याच्या कायद्याचं पक्कं ज्ञान आहे.

पुढे रसेल यांनी विचारलं, या हालचाली म्हणजे काय? आठवत नाही. “न्यायाधीशांकडे वळा आणि हेच उत्तर पुन्हा द्या.” पिगॉट वळला आणि म्हणाला, आठवत नाही. हा दिखाऊपणा झाला असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वकिलाकडे बघून खोटं बोलणं सोपं असतं, ज्यांना निर्णय द्यायचाय त्यांच्या डोळ्यांत बघून तेच बोलणं अवघड. आणि उत्तर कोणासाठी आहे, हेही साक्षीदाराला कळायला हवं.

त्या हालचाली म्हणजे ही पत्रंच का, असं विचारल्यावर पिगॉट आधी म्हणाला, तेव्हा पत्रं हाती आलीच नव्हती ना? मग म्हणाला, काही आली होती. आणि शेवटी, पत्रांपासून दूर पळण्याच्या नादात म्हणाला की नाही, तो उल्लेख ‘द टाइम्स’मध्ये येणाऱ्या लेखांचा असावा.

रसेल यांनी त्याच्याकडे पाहिलं. येणाऱ्या लेखांबद्दल तुम्हाला काहीच माहीत नव्हतं, असं मघाशी म्हणालात ना?

हो, पण माझी चूक झाली, काहीतरी कानावर आलं असणार.

“मग पुन्हा तीच चूक होऊ देऊ नका, मिस्टर पिगॉट.”

आणि पुढचा प्रश्न. ‘म्हणजे तुम्ही शपथेवर खोटं बोललात’ हे वाक्य रसेल यांनी उच्चारलं नाही. ते न्यायाधीशांना कळलं होतं. वकिलाने ते बोलून दाखवलं असतं तर साक्षीदाराला नाही म्हणायची, खुलासा करायची, रागावून सहानुभूती मिळवायची संधी मिळाली असती. न विचारलेला प्रश्न हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण तेव्हा जीभ शिवशिवत असते. अशील मागून कोट ओढत असतं, विचारा ना साहेब, विचारा ना. तेव्हा गप्प राहायला शिकायला मला बरीच वर्षं लागली.

वेबस्टर यांची बाजू

हरलेल्या वकिलाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून थोडं. वेबस्टर प्रामाणिक माणूस होते, पुढे तेही लॉर्ड चीफ जस्टिस, म्हणजे इंग्लंडचे सरन्यायाधीश, झाले, रसेल यांच्याच नंतर. पण ज्या कागदांवर सगळी इमारत होती ते कुठून आले, हा प्रश्न भर कोर्टात विरोधी वकिलाने विचारायच्या आधी त्यांच्या बाजूने कोणीतरी विचारायला हवा होता. आपल्या साक्षीदाराची पहिली उलटतपासणी आपण आपल्या खोलीत घ्यायची असते. अशिलाला ते आवडत नाही. ‘तुम्ही आमचे वकील की त्यांचे’ असं ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घ्यावं. ‘द टाइम्स’ला हे प्रश्न वेळेवर झोंबले असते तर बरं झालं असतं. शेवटी वेबस्टर यांना उभं राहून ती पत्रं मागे घ्यावी लागली.

आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १८९० मध्ये आला. पत्रं बनावट ठरली. पार्नेल आणि त्यांच्या साथीदारांवरचे सगळेच आरोप काही फेटाळले गेले नाहीत, हेही सांगायला हवं. अब्रुनुकसानीच्या दाव्यात ‘द टाइम्स’ने पार्नेल यांना ५,००० पौंड देऊन तडजोड केली.

दोन शुक्रवार

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, उलटतपासणी पुढे चालू झाली. फॉर्स्टर यांना लिहिलेली पत्रं रसेल यांनी वाचून दाखवली. कर्ज द्या, मदत करा, देश सोडून जायला पैसे द्या. माहिती विकायची, पैसे मागायचे, धमकीही हलकेच सुचवायची, हा पिगॉटचा जुनाच शिरस्ता होता हे त्यातून सिद्ध झालं. पुरावा म्हणून ती पत्रं आवश्यक होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती वाचली जाताना कोर्ट खदखदून हसत होतं, आणि मला तो भाग वाचताना प्रत्येक वेळी अवघडल्यासारखं होतं. त्या माणसाची विश्वासार्हता तोवर संपलेली होती. पिंजऱ्यात उभा होता तो पन्नाशी उलटलेला, कर्जात बुडालेला, घामाघूम झालेला एक बाप. त्याने केलेलं पाप मोठं होतं, त्यापायी एका पक्षाचा पुढारी खुनाच्या डागासकट दोन वर्षं जगला. तरीही.

काम मंगळवारपर्यंत तहकूब झालं. शनिवारी पिगॉट स्वतःहून हेन्री लाबूशेअर या खासदाराच्या घरी गेला आणि पत्रं आपणच बनवली, अशी लेखी कबुली देऊन आला. पार्नेल आणि इगन यांची खरी पत्रं समोर ठेवून त्याने त्यांतले शब्द गिरवले होते. २६ तारखेला मंगळवारी त्याच्या नावाचा पुकारा झाला. कोणी आलं नाही. तो पॅरिसमार्गे माद्रिदला पळाला होता. तिथून त्याने पैशासाठी लंडनला तार केली आणि त्या तारेवरूनच पत्ता लागला. पोलीस हॉटेलच्या खोलीत आले तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

ती तारीख १ मार्च. कोर्ट हसलं होतं तो शुक्रवार होता, आणि हाही शुक्रवारच.